'राउंड'ला मराठीत काय म्हणाल?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर मराठीत टिपणं लिहितोय. संख्या हव्या तितक्या स्थळांपर्यंत जवळच्या संख्येवर नेणाऱ्या 'राउंड' या फंक्शनसाठी 'पूर्णांकन' हा शब्द घेतला आहे. चालेल का?

प्रतिसाद १
सरकारी कागदांत 'रक्कम पुढील रुपयात पूर्णांकित करावी' असं वाचल्याचं आठवतं. रूढ शब्द आहे, बिनधास्त वापरा.

प्रतिसाद २
रुपयापुरता ठीक आहे. पण ३.१४१५९ चे ३.१४ केले, तर त्यात पूर्णांक कुठे आला? शाळेत आपण 'जवळच्या दशकापर्यंत', 'दोन दशांश स्थळांपर्यंत' म्हणायचो. मी 'निकटन' म्हणेन. 'गोळाबेरीज' कुणी सुचवू नका, ती एकूण बेरीज झाली. बाजारातलं 'राउंड फिगर करा'ही नको. तिथे १९७ चे २०० होणार की १९०, हे गिऱ्हाईक किती चिवट आहे त्यावर ठरतं!

प्रतिसाद ३
मला 'दशांश उडवणे' सोपं वाटतं.

प्रतिसाद २
ती वेगळी क्रिया आहे. पायथनच्याच 'इंट' या फंक्शनला उणे ३.७ दिलं की उणे ३ मिळतात, म्हणजे शेपूट छाटलं. 'फ्लोअर' मात्र उणे ४ देतं, कारण ते संख्यारेषेवर नेहमी खालीच उतरतं. 'सील' वर चढतं, 'राउंड' जवळचं घर गाठतं. छाटणे, उतरवणे, चढवणे आणि निकटन असे चार शब्द ठेवा. सगळ्याला 'पूर्णांकन' म्हटलंत, तर वाचणारा उणे संख्येला हमखास फसेल.

मूळ प्रश्नकर्ता
पटलं. पण मग २.५ चं जवळचं घर कोणतं? पायथन ३ मध्ये २ येतात आणि ३.५ चे ४!

प्रतिसाद २
दोन्ही घरं सारख्याच अंतरावर असली की पायथन ३ सम शेजारी निवडतं. 'अर्धा आला की वर' हा आपला शाळेतला नियम लांबलचक बेरजेत रक्कम फुगवत नेतो, ते यानं टळतं. जुन्या पायथन २ मध्ये मात्र २.५ चे ३.० यायचे. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेचं 'मॅथ.राउंड' आजही ३ देतं, पण उणे २.५ चे उणे २ करतं. याला मी 'समाकडे निकटन' म्हणतो. शब्द जरा ओबडधोबड आहे, कबूल.

प्रतिसाद १
मग २.६७५ चे दोन स्थळांपर्यंत २.६७ का? समाकडे जायचं तर २.६८ हवेत.

प्रतिसाद २
तिथे बरोबरी होतच नाही. संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत २.६७५ नेमके मावत नाहीत. साठते ती संख्या २.६७४९९९… अशी, किंचित कमी. पैशांचा हिशेब असेल तर पायथनचा 'डेसिमल' हा दशमान संख्यांचा प्रकार वापरा, आणि संख्या अवतरणचिन्हांत द्या.

मूळ प्रश्नकर्ता
'निकटन' घेतो. शीर्षकात कंसात 'राउंड' ठेवतो, नाहीतर शोधणाऱ्याला टिपण सापडायचं नाही.