ठरावीक स्थितींवरून बुद्धिबळ प्रोग्रामची तुलना कितपत ग्राह्य धरावी?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): इंग्लिश ग्रँडमास्टर जॉन नन यांनी निवडलेल्या 10 स्थितींवरून (डाव जिथून सुरू करायचा त्या पटावरच्या मांडण्या), प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी, असे दोन प्रोग्रामचे 20 डाव मी खेळवले. निकाल 11-9 लागला. पहिला प्रोग्राम सरस म्हणता येईल का?

उत्तर 1: नाही. रंग बदलून खेळवलेत हे उत्तम, कारण स्थितीतला मूळचा फायदा दोघांनाही सारखाच मिळतो आणि ओपनिंग बुकचा (प्रोग्रामला आधीच भरून दिलेल्या सुरुवातीच्या चालींचा) प्रभाव बाजूला पडतो. परंतु एवढ्या कमी डावांत दोन गुणांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्याच 10 स्थिती पुन्हा लावल्यास तेच डाव गिरवले जाण्याचा धोका आहेच. स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्रामच्या चाचण्यांत हजारो डाव लागतात आणि सुरुवातीच्या स्थिती मुद्दाम थोड्या एकतर्फी घेतात, अन्यथा बहुतेक डाव बरोबरीत सुटतात.

उत्तर 2: चाचणी दुपारी केलीत का? आपल्याकडच्या मे महिन्यात, कूलरसमोर ठेवूनही, माझा लॅपटॉप इतका तापला की प्रोग्रामचा वेग डावागणिक बदलत होता. हल्ली मी सामने रात्रीच लावतो.

प्रश्नकर्ता: दुपारीच, तेही गच्चीखालच्या खोलीत! आता 500 स्थिती घेऊन रात्री खेळवतो.