मदत हवी आहे: पळून थांबलो की डोळ्यांसमोर अंधारी. पाणी प्यायचं की नाही?

येळ्ळूरचं_पोर
नमस्कार मंडळी. वय २०, वजन ६२ किलो, गाव येळ्ळूर, बेळगावजवळ. वर्षभर भरतीची तयारी करूलालोय. रोज संध्याकाळी राजहंसगडाच्या वाटेनं ५ किलोमीटर, आणि आठवड्यातून दोनदा १६०० मीटर घड्याळ लावून.

गेल्या मंगळवारी साडेचारलाच निघालो. ऊन होतं. शेवटचा चढ जीव तोडून मारला, वर पोचलो, कट्ट्याला टेकून घड्याळात वेळ बघतोय तोवर कानात सूं झालं आणि समोर सगळं काळं. पडलो. मित्रांनी बगलेत धरून उभं केलं तर परत गेलो. मग झोपवलं, डोक्यावर बाटली ओतली, आणि दोन मिनिटांत ठीक. दवाखान्यात सलाईन लावली, ‘अशक्तपणा आहे’ म्हणाले, पैसे घेतले, झालं. नीट काही सांगितलं नाही.

आता प्रत्येकाचं वेगळं. तालमीतले वस्ताद म्हणतात मेहनत करताना पाण्याचा थेंब नको. मोबाईलवरचा एकजण म्हणतो दिवसाला ५ लिटर पी. आई मीठ-साखर-लिंबू घेऊन दारात उभी असते. एक मित्र म्हणतो प्लास्टिकचं जर्किन घालून पळ, घाम जास्त म्हणजे स्टॅमिना जास्त. माझ्या काळ्या टी-शर्टवर पाठीला मिठाचे पांढरे नकाशे उठतात, त्याचंही टेन्शन आहे.

पीयूसीला (अकरावी-बारावीला) होमिओस्टॅसिसची व्याख्या इंग्लिशमधनं पाठ केली होती. दोन मार्क मिळाले, डोक्यात काय शिरलं नाही. कोणीतरी मराठीत सांगा की.

निपाणीकर
भावा, सेम टू सेम झालंय मला, कबड्डी खेळताना. मी ग्लुकोज पावडर खाऊन खेळतो आता. बाकी जाणकार सांगतील.

शरीरक्रिया_ताई
टिळकवाडीत राहते, फिजिओलॉजी शिकवते. उत्तर देण्याआधी तीन प्रश्न, खरं सांग. पळता पळता पडलास की थांबल्यावर? छातीत दुखलं किंवा विचित्र धडधडलं का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?

येळ्ळूरचं_पोर
थांबल्यावर, ताई. पंधरा-वीस सेकंद गेली असतील. छातीत काही नाही. घरात तसं कोणी नाही.

शरीरक्रिया_ताई
बरं. पळता पळता पडला असतास तर हे लिहीत बसले नसते, आधी हृदयाच्या डॉक्टरकडे पिटाळलं असतं. तरीही एकदा ईसीजी काढून घे, भरतीआधी कामाला येईल.

आता तुझ्या चढाकडे बघ. स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. जीव तोडून पळताना तेच २० लिटरच्या घरात जातं आणि त्यातलं बरंचसं पायांच्या स्नायूंकडे वळतं, कारण तिथल्या रक्तवाहिन्या सताड उघडलेल्या असतात. वर ऊन असलं की अंग थंड करायला कातडीखालच्याही उघडतात. एवढं रक्त पायांतून परत वर चढवतं कोण? पोटऱ्या. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि शिरांतलं रक्त वर ढकलते, विहिरीवरच्या पंपासारखं. तू कट्ट्याला टेकलास आणि पंप बंद केलास, पण वाहिन्या अजून उघड्याच. रक्त पायांत साचलं, दाब उतरला, मेंदूला कमी पडलं. पडलास तेच बरं झालं, आडवं झाल्यावर रक्त आपोआप डोक्याकडे गेलं. मित्रांनी उभं केलं तिथेच चुकलं. पुढच्या वेळी कोणाला असं झालं तर झोपवा आणि पाय वर धरा.

म्हणजे मंगळवारचा मुख्य गुन्हेगार पाणी नव्हे, एकदम थांबणं. अंगात पाणी कमी असलं की हे लवकर होतं, एवढाच त्याचा वाटा.

आता होमिओस्टॅसिस, मराठीत समस्थिती. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९२६ साली हा शब्द वापरात आणला. मुलं समजतात की आकडा जिथल्या तिथे खिळवून ठेवणं म्हणजे समस्थिती. तसं नाही. तुझाच हिशोब घे. ६२ किलोच्या माणसाला ५ किलोमीटर पळायला ढोबळमानानं ३०० किलोकॅलरी लागतात. त्यातल्या पाऊण हिश्शाची नुसती उष्णता होते, म्हणजे सव्वादोनशे. तुझं अंग एक अंश तापायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर गेलीच नाही तर गडावर पोचेपर्यंत तू ३७ वरून ४१ च्या पुढे गेला असतास. प्रत्यक्षात ३८-३९ वर थांबतोस. शरीर ३७ चा हट्ट सोडतं, थोडं चढू देतं, मग तिथे तोल धरतं.

तो तोल घामाचा. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पण वाळला तर. टपटप गळून गेलेला घाम फुकट. पावसाळी हवेत खानापूरकडे पळलास तर भिजशील जास्त आणि थंड होशील कमी. म्हणून ते जर्किन आधी फेकून दे. घाम वाळू द्यायचा नाही आणि वर अजून घाम काढायचा, हा कुठला स्टॅमिना?

निपाणीकर
आणि ग्लुकोज पावडरचं काय ताई?

शरीरक्रिया_ताई
तुमच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. पण खेळायला लागलात की इन्सुलिन (रक्तातली साखर उतरवणारं संप्रेरक) उतरतं, ग्लुकागॉन (ती चढवणारं) चढतं आणि यकृत आपल्या साठ्यातून, साधारण १०० ग्रॅम, साखर सोडत राहतं. स्नायूंचा साठा त्याहून मोठा. अर्ध्या तासाच्या खेळाला पावडरची गरज नाही. उलट काहींना आधी गोड खाल्लं की इन्सुलिन उसळून सुरुवातीलाच साखर खाली जाते. दोन तास आधी भाकरी किंवा उकडलेलं रताळं खा. कडोलीकडची रताळी काय फक्त उपवासाला असतात?

निवृत्त_सुभेदार
बाळ, ताईंनी बरोबर सांगितलंय. मी भरपूर पोरं पळवलीत. रेषा ओलांडली की थांबायचं नाही, पाच-सात मिनिटं चालायचं. लाजू नकोस, सगळे चालतात. दुसरं, उन्हाची सवय एका दिवसात होत नाही, १० ते १४ दिवस लागतात. हळूहळू घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, तुझे ते पांढरे नकाशेही फिके पडतील. आणि एखादा पळताना बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग भाजतंय असं वाटलं, तर ती अंधारी नव्हे, उष्माघात. आधी गार पाण्यात घाला, मग गाडी शोधा.

लाल_माती
वस्तादांना नावं ठेवू नका. पोट भरून पाणी पिऊन लढत केली की कळ येते, म्हणून ते बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या पैलवान असेच घडलेत.

शरीरक्रिया_ताई
नावं कोणी ठेवली, अण्णा? तांब्याभर पाणी ढोसून जोर काढू नये हे मलाही मान्य. मध्ये दोन-दोन घोट घ्यायला काय हरकत आहे, एवढंच. आणि ५ लिटरवाल्याचंही ऐकू नका. घामापेक्षा जास्त साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, पातळ होतं, ते लिटरमागे १३५ मिलीमोलच्या खाली गेलं की डोकं दुखतं, मळमळतं, फारच उतरलं तर झटके येतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींत यानं माणसं दगावलीत.

येळ्ळूरच्या पोरा, तुझं माप तूच काढ. पळायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यात वजन कर.

येळ्ळूरचं_पोर
केलं ताई. आमच्या डेअरीत दुधाचा काटा आहे, त्याच्यावर चढलो. डेअरीवाले काका म्हणाले, “काय करूलालास रे, फॅट लावू काय तुझं?” आधी ६२.३००, तासाभरानं ६१.३५०. मध्ये पाव लिटर पाणी प्यालो होतो.

शरीरक्रिया_ताई
म्हणजे घाम १२०० मिली. वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत घट आहे, उत्तम. तहान लागेल तसं पी, उरलेलं घरी गेल्यावर सावकाश भरून काढ. मीठ गेलं असेल अंदाजे ३ ग्रॅम, माणसागणिक बदलतं. आईच्या आमटीत आणि ताकात ते परत येतं. तिचं लिंबूपाणीही चालेल, फक्त साखर मुठीनं नको. वजन वाढलेलं दिसलं तर समजायचं, पाणी जास्त झालं.

येळ्ळूरचं_पोर
काल चढ मारून वर पोचल्यावर गडाच्या दरवाजापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. अंधारी नाही. जर्किन मित्राला परत दिलं, तो रागावलाय. गुरुवारी ईसीजी काढायला बेळगावला चाललोय, रिपोर्ट इथेच टाकतो. वस्तादांना दोन घोटांचं कोण सांगणार तेवढं बघा, माझी तर हिंमत नाही.

लाल_माती
मी सांगतो. तू गुरुवारचं बघ.