आबांच्या रीलचा खुळखुळा

मी: माळ्यावर आबांची मासे धरायच्या गळाची जुनी स्पिनिंग रील सापडली. हातात धरली की सगळं खुळखुळतंय. आतले गिअर गेलेत बहुतेक. उघडू?

ताई: उघड. मग माळ्यावर दोन डबे परत ठेव, एक रीलचा, एक उरलेल्या स्क्रूंचा.

मामा: स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव आधी. सगळं कधीच खुळखुळत नसतं. कुठलं काय हलतंय ते सांग. गळाच्या रॉडवर लावलीयेस का?

मी: हो.

मामा: मग काढ. रॉडवरची रील आवळणारी रिंग ढिली असली तरी हाताला असंच लागतं. मी एकदा त्या नादात चांगली रील अख्खी सोडवून बसलो होतो.

मी: काढली. अजून हलतंय. हँडल उलटं फिरवलं की थोडं मागे जातं आणि टक् करून थांबतं. बाराच्या जागी धरलं तर साधारण अकरापर्यंत.

मामा: ती झीज नव्हे. जुन्या रीलमध्ये उलटं फिरणं अडवायला दातेरी चाक आणि खटका असतो. खटका पुढच्या दातावर पोचेपर्यंत हँडल मागे जाणारच. नव्या रीलमध्ये एकाच दिशेने फिरणारं रोलर बेअरिंग असतं, म्हणून त्या जागच्या जागी अडतात. त्यांचं दुखणं वेगळं. त्या बेअरिंगमध्ये ग्रीस गेलं की रोलर सटकतात आणि ओढ बसली की हँडल उलटं फिरतं. तिथे फक्त पातळ तेल, तेही थेंबभर.

बाबा: मी तर सगळीकडे ग्रीसच लावायचो.

ताई: कशाला लावायचात, बाबा?

बाबा: सहज म्हटलं.

मामा: आता हँडलचा दांडा बॉडीला लागून, मुळाशी धर. टोकाशी नको, तिथे केसभर ढिलाई बोटभर वाटते. वर-खाली हलव, मग आत-बाहेर ओढ.

मी: वर-खाली काही नाही. आत-बाहेर हलतंय. नखाच्या जाडीएवढं.

मामा: हं. वर-खाली हललं असतं तर बेअरिंग किंवा त्याची बसायची जागा झिजली म्हणायचं, आणि ते महागात पडतं. हे लक्षात ठेव, पुढे जाऊ. रोटर धर, तो बेल म्हणजे तारेची कमान बसवलेला फिरणारा भाग. डुगडुगतो?

मी: नाही, घट्ट आहे. दोर गुंडाळायची स्पूल मात्र हलते.

मामा: ड्रॅगची, म्हणजे दोराची ओढ घट्ट-सैल करायची घुंडी पूर्ण कस आणि परत बघ.

मी: थांबली 😀

मामा: मग तेही सोड. कसल्यावरही वर-खाली झाली असती तर स्पूल पुढे-मागे नेणारा सरकता ठोकळा तपासावा लागला असता. लाइन रोलर, बेलवरची दोर जायची चाकी, फिरतो का? कापसाचा बोळा फिरव त्यावर. तंतू अडकले तर दोर घासून खाच पडलीये.

मी: अडकत नाहीत, पण जाम होता. तेल सोडलं, फिरायला लागला.

मामा: छान. आता टीव्ही बंद कर आणि रील कानाला लाव. बॉडीवर गिअरचा आकडा आहे का, 5 पूर्णांक काहीतरी?

मी: 5.1:1.

मामा: म्हणजे हँडलचा एक फेरा झाला की रोटरचे पाचहून थोडे जास्त होतात. हँडल सावकाश फिरव आणि मोज. फेऱ्याला एकदाच टक् झालं तर मोठ्या गिअरचा एखादा दात दुखावलाय. पाच वेळा झालं तर पिनियन म्हणजे लहान गिअर किंवा रोटरच्या बाजूला बघायचं. काही तालच नसेल, नुसती वाळू दळल्यासारखी खरखर असेल, तर बेअरिंगमध्ये मीठ गेलंय.

मी: टक् नाहीच. घरघर आहे हलकी. पण गंमत म्हणजे हँडल आत दाबून फिरवलं की जाते, बाहेर ओढलं की वाढते.

मामा: सापडलं! दात शाबूत आहेत रे, मोठा गिअर जागेवरून सरकतोय. त्याच्या दोन्ही बाजूंना कागदासारख्या चकत्या असतात, शिम म्हणतात. काही तर 0.1 मिमी किंवा त्याहूनही पातळ. आता उघड. प्रत्येक स्क्रूनंतर फोटो काढ. आणि आतलं ग्रीस पांढऱ्या कागदावर पसर.

आई: माझ्या टेबलावर नको.

मी: 📷 काळपट आहे.

मामा: सोनेरी चमक नाही ना? पिनियन बहुतेक पितळी असतं, झिजलं की ग्रीसमध्ये चमचमतं. ठीक आहे. शिम मोज.

मी: एका बाजूला एक. दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

मामा: बेअरिंगला चिकटली असेल. ग्रीसमुळे चिकटते, दिसत नाही. नखाने खरवडून बघ.

मी: बघितलं. नाहीये.

मामा: मग ही रील आधी कोणीतरी उघडलीये.

ताई: बाबा?

ताई: बाबा, निळ्या टिका दिसतायत.

बाबा: खूप वर्षं झाली त्याला. जोडून झाल्यावर एक चकती उरली. रील तर फिरत होती, म्हटलं जास्तीची असेल.

मामा: दाजी, जास्तीचं काही घालून देत नाहीत हो ते 🙏 आता तेवढ्याच जाडीची शोधावी लागणार. जाड घातली तर हँडल जड होईल, एकेक घालून बघत बसायचं.

आई: 📷

आई: बटणांच्या डब्यात ही आहे. मला इतकी वर्षं वाटायचं प्रेस बटणाचा भाग आहे.

मामा: हीच ती! पुसून ग्रीसचा हात फिरव आणि गिअरच्या रिकाम्या बाजूला बसव.

मी: बसवली. घरघर गेली, आत-बाहेर जेमतेम जाणवतंय. पण हँडल अजून बारावरून अकराला जातं.

मामा: जाऊ दे त्याला. आबांच्या हातातही जायचं.