आषाढीच्या शनि-रवि-सोम दादर-माटुंग्यात: काय खावं, किती वाजता खावं?

रानजाई:
आईबाबा आणि दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन साताऱ्याहून येतेय. शनिवारी दुपारी पोचू, रविवारी आषाढी, सोमवारी रात्री परत. मुक्काम दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत. वडाळ्याच्या विठोबाचं दर्शन ठरलेलं आहे. आईचा उपवास कडक. बाबांना साखर आहे आणि गुडघे दुखतात, त्यामुळे जिने आणि तासभर रांग नको. भाच्याला वडापाव आणि पाणीपुरी हवीच. बाबा आणि मी मासे खातो. एसी हॉटेलं नकोत, गाडी, खानावळ, उडुपी काहीही चालेल. नावांची यादी कुठेही मिळते. कधी जावं, काय मागावं आणि काय टाळावं ते सांगा.

बेसनपीठ:
वडापाव शनिवारी संध्याकाळी उरका, साडेचार ते सातच्या दरम्यान. त्या वेळेत माल हलता असतो आणि दुपारी आलेला पाव अजून मऊ असतो. दादर स्टेशनला पश्चिमेकडे उतरलात तर छबिलदास गल्लीतला श्रीकृष्ण, टॅक्सी करणार असाल तर कीर्ती कॉलेजजवळचा अशोक. अशोककडे चुरा (तळणातले बेसनाचे कुरकुरीत तुकडे) मागून घ्या. मुलाला वड्याइतकाच तो आवडेल.

पण नाव नंतर, घाणा आधी. गाडीवर दोन मिनिटं नुसतं उभं राहून कढई बघा. तेल गडद दिसतं म्हणून लगेच पळू नका, बेसनाने ते गडद होतंच. वडे सोडल्यावर उठलेले बुडबुडे वडे तळले जातील तसे कमी होत गेले तर तेल ठीक. फेस काठापर्यंत चढून तसाच राहत असेल आणि कढई रिकामी असतानाही धूर निघत असेल तर पुढची गाडी शोधा. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने साठणारे बिघडलेले घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते टाकून द्यायचं, असा नियम २०१८ पासून आहे. गिऱ्हाइकाच्या हातात काही त्याचा मीटर नसतो, म्हणून फेस बघायचा.

गर्दीतही एक गोची असते. रांग वाढली की तळणारा एका घाण्यात जास्त वडे सोडतो. तेल एकदम निवतं, पीठ तेल पितं आणि रंग येण्याआधीच वडे बाहेर काढले जातात. पहिला वडा फोडून बघा. भाजीला लागून ओलसर, चिकट पिवळा थर दिसला तर पीठ कच्चं आहे. उलट आवरण भाजीपासून सुटून पोकळ झालं असेल आणि कडा काळपट असतील तर तो सकाळचाच वडा पुन्हा तळलाय. "गरम करून नको, नव्या घाण्यातला द्या, थांबतो" एवढं म्हटलं की काम होतं.

पावसाळ्यात सुकी लाल चटणी घ्या. हिरवी पातळ चटणी कच्ची असते आणि तिच्यातलं पाणी कुठलं ते आपल्याला कळत नाही. भाच्यासाठी "चटणी एकाच बाजूला लाव" म्हणा.

गिरणगाव_लोकल:
+१. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना बाबांना रेल्वेच्या पुलावर चढवू नका. हिंदू कॉलनीतून टॅक्सी करून टिळक पुलावरून थेट गडकरी चौकात उतरा. स्टेशनच्या पश्चिमेला शनिवार-रविवारी संध्याकाळी फूलगल्लीपासून पुढे पाय ठेवायला जागा नसते, त्यात छत्र्या.

वरीचा_भात:
उपवासाचं मी सांगते, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. "साबुदाणा वडा आहे" एवढ्यावर जाऊ नका. पुष्कळ ठिकाणी तो बटाटेवड्याच्याच कढईत पडतो. कडक उपवास असेल तर सरळ विचारा, "उपवासाची कढई वेगळी आहे का?" उत्तर देताना माणूस अडखळला तर खिचडी घ्या. खिचडीतही कोथिंबीर आणि जिरं चालतं का ते आईंना आधीच विचारून ठेवा. हॉटेलात वरून कोथिंबीर न विचारता पेरतात, म्हणून ऑर्डर देतानाच "कोथिंबीर नको" सांगायचं.

दादर पश्चिमेला प्रकाश, आस्वाद आणि स्टेशनजवळचे मामा काणे, तिन्हीकडे उपवासाचं मिळतं. मामा काणे १९१० पासूनचे. माझा कौल साबुदाणा वड्याला प्रकाश. वडा हातात घेतल्यावर कडक लागला पाहिजे आणि मोडल्यावर साबुदाण्याचा दाणा वेगळा दिसला पाहिजे. आत पांढरा टणक ठिपका दिसला तर साबुदाणा नीट भिजलेला नाही, आणि लगदा झाला असेल तर बटाटा जास्त पडलाय. सोबतची दाण्याची चटणी दह्यातली असते, ती गार असावी. कोमट वाटली तर बाजूला ठेवा.

रविवारी सकाळी आठपर्यंत पोचा. दहानंतर उपवासवाले आणि बिनउपवासवाले दोघेही येतात. दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी मिळाली तर आईंना तेच द्या. साबुदाणा दोन्ही वेळा खाल्ला की पोट जड होतं आणि पित्त उसळतं.

बाबांना साबुदाणा नको. तो जवळजवळ नुसता स्टार्च, साखर भराभर चढते. पियुषही तसाच गोड. चव बघायची तर एक ग्लास सगळ्यांत मिळून. त्यांना थालीपीठ-लोणी द्या, ते पोटात टिकतं.

रानजाई:
वाचनखूण साठवली. मिसळ बाबांना चालेल का? आणि वडाळ्याहून किती वाजता निघावं?

गिरणगाव_लोकल:
चालेल, पण "फरसाण वेगळं द्या, पाव एकच" सांगून. मटकी पोटात गेली की बरं. आस्वादची मिसळ २०१५ साली फूडीहबच्या पुरस्काराने गाजली, तेव्हापासून शनिवार-रविवारी दारात नाव लिहून थांबावं लागतं. सोमवारी सकाळी गेलात तर लगेच टेबल मिळण्याची शक्यता जास्त. साताऱ्याच्या जिभेला ती थोडी गोडसर लागेल, तिखट हवं असेल तर वेगळा रस्सा मागा.

वडाळ्याला आषाढीला दिवसभर रांग असते. मंदिराच्या आसपास गाड्या आत सोडत नाहीत, शेवटचा टप्पा चालावाच लागेल. बाबांसाठी पहाटे जाऊन सातपर्यंत बाहेर पडायचं आणि तिथून टॅक्सीने दादर पश्चिम, म्हणजे वरच्या ताईंनी सांगितलेली आठची वेळ जमते. मंदिराबाहेरच्या गाड्यांवर उघडी कापलेली फळं घेऊ नका. केळी घ्या, साल असते.

कोल्हापुरी_कट:
गोडसर म्हणजे ती मिसळच नव्हे, उसळ आहे. ठाण्याला मामलेदार मिसळवाल्याकडे जा.

बेसनपीठ:
साखर आणि गुडघे असलेल्या माणसाला पावसात दादरहून ठाण्याला पाठवायचं, तेही तिथल्या तिखटासाठी? धागा परत वाचा.

खाडीकाठ:
मासे. जूनमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते ती ऑगस्ट उजाडेपर्यंत. त्यामुळे आषाढात फलकावर सुरमई-पापलेट लिहिलेलं दिसलं तर ते बर्फातलं किंवा दुसऱ्या किनाऱ्याचं. वाईटच असेल असं नाही, पण पैसे पूर्ण लागतात आणि चव अर्धी मिळते. तळलेली सुरमई काट्यापासून लांबट पाकळ्यांनी सुटली तर ठीक. बोटाने दाबल्यावर भुगा झाला आणि पाणी सुटलं तर ती बरेच दिवस बर्फात होती.

या दिवसांत खाडीचं मागा: बोय, खाडीची कोळंबी, चिंबोरी. किंवा सरळ सुक्याकडे वळा. सोड्याची (सुक्या कोळंबीची) खिचडी, सुकट, सुक्या बोंबलाचं कालवण ही खरी पावसाळ्यातली मालवणी जेवणं आणि थाळीपेक्षा स्वस्तही पडतात. तिसऱ्या आणि कालवं (दोन्ही शिंपल्यातली) पावसाळ्यात टाळलेली बरी. ती पाणी गाळून जगतात आणि या दिवसांत खाडीत शहराचं सगळं वाहून आलेलं असतं.

दादर पश्चिमेला सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमांतक जवळजवळच आहेत. सोमवारी दुपारी सव्वाबाराला जा. एकनंतर ऑफिसवाले येतात आणि दीडनंतर "संपलं" ऐकायची तयारी ठेवा. सोमवार हा काही ठिकाणी सुट्टीचा वार असतो, म्हणून फोन करून निघा. वेटरला "आज काय चांगलं आहे?" विचारू नका, सगळंच चांगलं असतं. "आज सकाळी काय आलं?" विचारा. बाबांना रवा फ्रायऐवजी कालवण आणि तांदळाची भाकरी, भात थोडाच. सोलकढी जेवताना घोट घोट घ्या आणि ती नारळाच्या ताज्या दुधाची आहे का बघा. रंग भडक गुलाबी आणि वर पाणी वेगळं झालेलं असेल तर सोडून द्या.

नीरडोसा:
माटुंगा रविवारी संध्याकाळी ठेवा, कारण किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं. रविवारी तिथे सकाळी भयंकर गर्दी, दुपारनंतर जरा उसंत मिळते. रामा नायक यांचं उडुपी (१९४२) केळीच्या पानावरच्या जेवणासाठी उत्तम, पण ते पहिल्या मजल्यावर, जिना चढून. बाबांसाठी नको. राम आश्रय तळमजल्याला आणि पहाटे पाचला उघडतं. दर्शनाला लवकर निघायचं आणि भाच्याला भूक लागली तर तेच सोयीचं. त्याला अननसाचा शिरा द्या. बाबांना रसम-इडली, आणि सांबार कमी, कारण उडुपी सांबारात गूळ असतो. कॉफी सांगताना "बिनसाखरेची" आधीच म्हणा, नंतर बदलून मिळत नाही.

टॅक्सीवाल्याला "माटुंगा, किंग्ज सर्कल" सांगा. नुसतं "माटुंगा रोड" म्हटलंत तर तो पश्चिमेला नेऊन सोडेल.

रानजाई:
पाणीपुरीचं कोणीच काही बोललं नाही.

वरीचा_भात:
मुद्दाम नाही बोलले. पावसाळ्यात पाणीपुरी म्हणजे कच्चं पाणी, कच्ची कोथिंबीर-पुदिना, बर्फ आणि त्यात बुडणारा हात, सगळे धोके एका घासात. मुलाचा हट्टच असेल तर बंद दुकानात बसून खा, जिथे पाणी बाटलीबंद आहे असं लिहिलंय आणि पुरी देणाऱ्याच्या हातात मोजा आहे. मोजा घालूनच तो सुट्टे पैसेही घेत असेल तर त्या मोज्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा रगडा पॅटिस: रगडा उकळता, पॅटिस तव्यावरचं. चटणी फक्त चिंचेची.

उसाचा रस आणि गोळा दोन्ही वर्ज्य. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा असा नियम राज्यात २०१८ मध्ये आला, पण ग्लासात चुरा पडल्यावर फिकट निळं काय दिसणार?

रानजाई:
शेवटचं. सोमवारी रात्री एसटीत खायला वडे बांधून घेतले तर टिकतील?

बेसनपीठ:
तीन-चार तास सहज, नीट बांधले तर. गरम वडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला की स्वतःच्या वाफेने भिजतो आणि पावाचाही चिखल करतो. पेपरच्या रद्दीत तर नकोच, शाई तेलात उतरते. घरून स्टीलचा डबा आणा, तळाशी टिश्यूचे दोन थर. वडे दहा मिनिटं उघड्यावर निवू द्या, मग झाकण लावा. पाव वेगळा, न कापलेला. सुकी चटणी पुडीत. तळलेली मिरची गाडीवरच खाऊन टाका, डब्यात ती सगळ्याला वास लावते. आईंनी सोमवारी उपवास सोडलेला असेल, तेव्हा त्यांनाही मोजा आणि माणशी दोन धरा. साबुदाणा वडा मात्र बांधू नका, तासाभरात त्याचा रबर होतो.