मदत हवी आहे: पेरिक्लिस आणि लिंकन यांच्या भाषणांची तुलना कशी मांडावी?

एम.ए.च्या निबंधासाठी रणात पडलेल्या सैनिकांवरची दोन भाषणं घेतली आहेत: ग्रीक नेता पेरिक्लिसचं अथेन्समधलं (इ.स.पू. ४३१ चा हिवाळा) आणि लिंकनचं अमेरिकी यादवी युद्धातलं, गेटिसबर्गचं (१९ नोव्हेंबर १८६३). ‘दोघांनीही मृतांचा गौरव केला, लोकशाहीची थोरवी गायली’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. मुद्दे कुठून काढावेत? शिवाय लिंकनचं शेवटचं वाक्य दोन ठिकाणी वेगवेगळं दिसतंय. कोणती प्रत धरू?

प्रतिसाद १

आधी प्रतीचं. लिंकनच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आहेत. त्यांतली ‘ब्लिस’ नावाची प्रत प्रमाण मानतात, सहीही तिच्यावरच आहे. शेवटच्या वाक्यातला देवाचा उल्लेख ‘निकोले’ आणि ‘हे’ या प्रतींत नाही, फरक तिथलाच. प्रतीचं नाव तळटीपेत द्याच.

पेरिक्लिसचं भाषण मिळतं ते थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराच्या लेखणीतून (त्याच्या इतिहासाचा खंड २, प्रकरणं ३५ ते ४६). भाषणं शब्दशः नाहीत, एकूण आशय धरून लिहिली आहेत, हे तो पहिल्या खंडात स्वतःच सांगतो. म्हणून शब्दाला शब्द लावून केलेली तुलना तिथे टिकत नाही. रचनेची करा.

प्रतिसाद २

रचनेसाठी दोन्ही भाषणं छापून घ्या आणि समासात खुणा करा: पूर्वज, राज्य, मृत, जिवंत, नातेवाईक. पेरिक्लिस अथेन्सच्या जीवनपद्धतीवर पाच प्रकरणं (३७ ते ४१) खर्च करतो, मग ४२ मध्ये मृतांकडे वळतो. ४४-४५ मध्ये आईवडील, मुलं, भाऊ, विधवा. लिंकनची वाक्यं दहाच. त्यातलं शेवटचं ८० शब्दांच्या आसपास, म्हणजे भाषणाच्या पाव हिश्शाहून जास्त, आणि ते जिवंतांच्या उरलेल्या कामाबद्दल आहे. नातेवाइकांचं सांत्वन नाही. गेटिसबर्गचं नाव नाही, सेनापतीचं नाही, ‘मी’सुद्धा नाही. निबंधाचा कणा मला इथे दिसतो: पेरिक्लिस शोकाला जागा देतो, लिंकन तो थेट कर्तव्याकडे वळवतो.

धागाकर्ता

लिंकनने पेरिक्लिसवरून उचललं, असं लिहू का?

प्रतिसाद २

नको, सिद्ध करता येणार नाही. अथेन्सचा उघड उल्लेख त्या दिवशी केला तो मुख्य वक्ता एडवर्ड एव्हरेटने. लिंकनच्या आधी तो दोन तास बोलला आणि सुरुवातीलाच अथेन्सचा विधी सांगितला: दहा जमातींच्या सुरूच्या लाकडाच्या दहा पेट्या आणि ओळख न पटलेल्यांसाठी अकरावी. तेवढा भाग तिसरा दुवा म्हणून घ्या.

आणखी एक. गेटिसबर्गचं ते दफनस्थान यादवी युद्धातल्या उत्तरेच्या बाजूच्या सैनिकांचं होतं, पण ‘इथे झुंजलेले शूर’ म्हणताना लिंकन बाजू सांगत नाही. भाषांतरात ‘आपले शूर’ करू नका, अर्थच बदलतो.