सोसलेल्या माणसाने न्यायासनावर बसावे का?

पंचवटीकर (मूळ पोस्ट): ज्याने लहानपणी नरसंहार सोसला, त्याला साक्षीदाराचा मान जरूर द्यावा, न्यायाधीश मात्र करू नये, कारण असा माणूस तटस्थ राहूच शकत नाही.

कॉलेज रोडची वकील: पंचवटीकर, आपले हे विधान वाचून स्वस्थ बसवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. थॉमस बर्गेन्थाल हे ज्यू न्यायाधीश ऑगस्ट 1944 मध्ये ऑश्विट्झच्या नाझी मृत्युछावणीत पोहोचले तेव्हा दहा वर्षांचे होते. जानेवारी 1945 मध्ये कैद्यांना तेथून बर्फातून पायी हाकलले गेले, त्यात त्यांचे पाय गोठले आणि दोन बोटे कापावी लागली. वडील छावणीतच वारले, आईचा पत्ता सुटकेनंतर वर्ष उलटून गेल्यावर लागला. हेच गृहस्थ 1979 ते 1991 आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात न्यायाधीश होते. मध्य अमेरिकेतील होंडुरासमध्ये 1981 साली बेपत्ता झालेल्या मान्फ्रेदो वेलास्केझ या विद्यार्थ्याच्या खटल्यात त्या न्यायालयाने 1988 मध्ये निकाल दिला की, पुरावा सरकारच दडवत असेल तर परिस्थितीजन्य पुराव्यावरही सरकारला जबाबदार धरता येते. ‘आमचा माणूस कुठे आहे’ या प्रश्नाचे वजन ज्याला ठाऊक होते, तो येथे नालायक कसा ठरला?

पंचवटीकर: वकीलबाई, पुढचे पानही उलटा. 2004 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलने पॅलेस्टिनी भूभागात बांधलेल्या भिंतीविरुद्ध 14 विरुद्ध 1 असे मत दिले. ते एक मत बर्गेन्थाल यांचे होते. इजिप्तचे न्यायाधीश एलाराबी यांनी त्या प्रकरणात बसू नये, असे म्हणणारेही ते एकटेच. पक्षपाताचा आभासही नको, हा माझाच मुद्दा झाला! आमच्या वाटणीच्या दाव्यात सुनावणी घेणाऱ्यांचे स्वतःचेच सख्ख्या भावाशी जमिनीवरून वैर होते. वडील हरले. तटस्थता काय असते, हे मला पुस्तकातून शिकवू नका.

कॉलेज रोडची वकील: आपल्या वडिलांविषयी वाईट वाटते, पण मुद्दा निसटतो आहे. एलाराबींवरील आक्षेप त्यांनी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीवरून होता, त्यांनी काय सोसले यावरून नव्हता. शिवाय न्यायालयाच्या त्या मतातील बऱ्याच गोष्टी स्वतःला मान्य आहेत, परंतु न्यायालयापुढे पुरेशी माहिती नव्हती, असे बर्गेन्थाल यांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे मत चुकीचे म्हणा, हरकत नाही. ते ऑश्विट्झमुळे तसे झाले हे कशावरून?

देवळालीकर: आपण दोघे हेगमध्येच रमला आहात. माझे आजोबा 1947 साली सिंधमधून येऊन येथील लष्करी बराकीत राहिले. एका खोलीत मध्ये गोणपाट लावून तीन कुटुंबे. त्यांची साक्ष मरेपर्यंत कोणी घेतली नाही. नरसंहारविरोधी करार भारताने 1959 साली मान्य केला, पण 1984 च्या शीख हत्यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाला 2018 साली लिहावे लागले की हा गुन्हाच आपल्या कायद्यात नाही. 2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही नाही. येथे गुन्ह्यालाच कलम नाही आणि आपण न्यायाधीश निवडत बसला आहात!

पंचवटीकर: विषय न्यायाधीशांचा आहे, फाळणीचा नाही.

देवळालीकर: आपल्या वाटणीच्या दाव्याचा तरी होता काय?

कॉलेज रोडची वकील: देवळालीकरांचे गाऱ्हाणे रास्त आहे. साक्ष घेणारा कोण, यावर पुष्कळ अवलंबून असते. मध्य अमेरिकेतील एल साल्व्हादोर देशात यादवीतील अत्याचारांसाठी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या तीन सदस्यांपैकी बर्गेन्थाल एक होते. तेथील एल मोझोते गावात डिसेंबर 1981 मध्ये लष्कराने लोकांना मारलेच नाही, असे सरकार म्हणत होते. 1992 मध्ये उत्खनन झाले तेव्हा सापडलेले सांगाडे बहुतेक लहान मुलांचे निघाले.

पंचवटीकर: बरे, बसवा त्यांना न्यायासनावर, माझी ना नाही! पण अहवाल 15 मार्च 1993 ला आला आणि पाच दिवसांत तेथील विधानसभेने सर्वांना माफी देऊन टाकली. मग खुर्चीवर कोण होते, याने काय फरक पडला?

कॉलेज रोडची वकील: माफीचा तो कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केला आणि एल मोझोतेचा खटला पुन्हा उभा राहिला.

देवळालीकर: तेवीस वर्षांनी! पंचवटीकर, आपल्या वाटणीच्या दाव्याला किती लागली होती?