फॅन्सी ड्रेससाठी अमेरिकन बाई पाहिजे

ए-३०२: सगळ्यांना नमस्कार, एक मदत हवी होती. लेकीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस आहे, त्यांच्या वर्गाला "अमेरिकेच्या इतिहासातल्या स्त्रिया" असा विषय आलाय. ४ मिशेल ओबामा आणि ३ हेलन केलर आधीच बुक झाल्यात, कोणी वेगळी बाई सुचवा ना. ड्रेस घरातलाच निघाला पाहिजे आणि डायलॉग कमी, आमचीला पाठांतराचा भयंकर कंटाळा.

सी-१०४ काका: जॅकी केनेडी. गॉगल लावला की काम झालं.

बी-५०१ काकू: भाऊजी गॉगलला कोण बक्षीस देतं. एडिथ विल्सन करा. ऑक्टोबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनना झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आणि त्या दिवसापासून ही बाई खोलीच्या दाराशी. कुठला कागद आत जाणार, कुठला मंत्री भेटणार, सगळं हिच्या हातात, ते थेट मार्च १९२१ ला मुदत संपेपर्यंत. उपराष्ट्राध्यक्ष होते की थॉमस मार्शल म्हणून, पण कारभार काय त्यांच्याकडे गेला नाही. बाहेर सांगितलं साहेबांना थकवा आलाय, विश्रांती घेतायत.

सी-१०४ काका: म्हणजे आपल्या सरपंचपतीचं उलटं, राष्ट्राध्यक्षपत्नी 😄

बी-५०१ काकू: अगदी तेच. वर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की सरकारी कामाचा एकही निर्णय मी स्वतः घेतला नाही, फक्त महत्त्वाचं काय आणि ते साहेबांपुढे कधी ठेवायचं एवढंच ठरवलं. अगं बाई मग राहिलं काय?

डी-२०२ आजोबा: आणि गंमत बघा, तिकडच्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला ऑगस्ट १९२० मध्ये, म्हणजे याच काळात. आणि ही बाई त्या चळवळीच्या विरोधात होती. मी तरी हिला शाळेच्या स्टेजवर चढवणार नाही.

ए-३०२: आणि तिसरीतल्या पोरीने हे करून दाखवायचं कसं 🙏

ॲडमिन: उद्या टाकी साफ करणार आहेत, १० ते १ पाणी नाही. बाकी चालू द्या.

डी-४०१: फ्रान्सिस पर्किन्स करा, ड्रेस सोपा आहे, काळा फ्रॉक, मोत्यांची माळ आणि तीन टोकांची हॅट, तीच तिची ओळख. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ ला ट्रायँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, ही जवळच मैत्रिणीकडे चहाला गेलेली, धावत आली तर पोरी खिडकीतून उड्या टाकतायत कारण दाराला कुलूप. १४६ माणसं गेली, बहुतेक बाहेरदेशातून आलेल्या तरुण मुली. ते तिच्या डोळ्यासमोरून कधी हललं नाही. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी कामगार खातं देऊ केलं तर हिने आधी आपल्या कामांची यादी पुढे ठेवली, हे करू देणार असाल तर येते. पहिली महिला मंत्री. १९३५ ला सोशल सिक्युरिटी (म्हातारपणी पेन्शन वगैरे), १९३८ ला किमान वेतनाचा कायदा, लहान मुलांना कामाला लावण्यावर बंदी, सगळ्यात हिचा हात आणि नाव सगळं रूझवेल्टचं. आम्ही एचआरवाले दिवसभर ज्या गोष्टी बोलतो त्या हिच्याकडून सुरू झाल्या आणि मला स्वतःला हे नाव पस्तिशीत कळलं.

बी-६०३ मावशी (सध्या न्यू जर्सी): इथे आत्ता सकाळ आहे, उशिरा वाचतेय. आनंदीबाई जोशींच्या कार्पेंटर मावशी कशा विसरलात सगळे? इथल्याच रोझेल गावच्या. मासिकात कोणा अनोळखी हिंदू मुलीबद्दल वाचलं, पत्र टाकलं, १८८३ ला तिला घरी ठेवून घेतलं. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या कॉलेजातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या, दुसऱ्या वर्षी पुण्यात वारल्या, अस्थी मावशींकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला, दफनभूमीतल्या आपल्या घरच्या जागेत ठेवल्या. पोटची लेक असल्यासारखं. अमेरिकेत विचारा, एकाला ठाऊक नसेल.

ए-३०२: मावशी हे वाचून डोळ्यात पाणी आलं. पण मग आमची कार्पेंटर होणार आणि आनंदीबाई कोण होणार?

सी-१०४ काका: बरं डॉली मॅडिसन घ्या मग, राष्ट्राध्यक्ष मॅडिसनची बायको. १८१४ ला इंग्रजांनी व्हाइट हाउस जाळलं तेव्हा वॉशिंग्टनचं मोठं चित्र वाचवणारी बाई. हातात फ्रेम दिली की संपलं, डायलॉग शून्य.

डी-२०२ आजोबा: चित्र वाचवायला सांगितलं बाईंनी, पण भिंतीवरून उतरवलं कोणी? पॉल जेनिंग्ज म्हणून घरचा गुलाम मुलगा होता, त्याने १८६५ मध्ये छोटं पुस्तक काढलं, त्यात लिहिलंय की दारवान आणि माळ्याने चित्र खाली काढून गाडीत घातलं, बाईंनी हाताला लागलं तेवढं चांदीचं घेतलं आणि निघाल्या. पुढे विधवापणी डॉलीबाईंना पैशाची चणचण आली तेव्हा याच जेनिंग्जने, तोवर सुटलेला, स्वतःच्या खिशातून तिला थोडेथोडे पैसे दिले. हे सांगून मग द्या फ्रेम हातात.

ए-७०२ (कॉलेजवाली): आजोबा मग ओना जज सांगा की. नाहीतर मीच सांगते. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होते तेव्हा राजधानी फिलाडेल्फियाला, आणि तिथला कायदा असा की बाहेरून आणलेला गुलाम सलग ६ महिने राहिला तर मोकळा, म्हणून हे लोक ६ महिने भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचे, म्हणजे मीटर परत शून्यावर. ओना ही मार्थाबाईंची खास दासी, शिवणकामात एक नंबर. तिला कळलं की बाईसाहेब आपल्याला नातीला लग्नाच्या भेटीत देणारेत, भांडंकुंडं देतात तसं. २१ मे १७९६, घरातले सगळे जेवायला बसले आणि ही दारातून निघून गेली. जहाजाने उत्तरेला न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला. पेपरात जाहिरात दिली, पकडून देणाऱ्याला १० डॉलर. माणसं पाठवली, हाती लागली नाही. १८४८ ला वारली तेव्हाही कायद्याने ती फरारच.

सी-१०४ काका: पण मुलीला गुलाम बनवायचं? लोक काय म्हणतील.

बी-५०१ काकू: लोकांचं सोडा. तोंडाला काळं बिळं अजिबात फासायचं नाही एवढं मात्र लक्षात ठेवा.

ए-३०२: नाही नाही, ते नाहीच. तिला सगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या. हॅट आवडली होती, पण आता म्हणते ओनाच. म्हणाली, बाकीच्यांनी टेबलावर जेवत बसायचं, मी शिवणाची पिशवी उचलून त्यांच्या मागून चालत जाणार, स्टेजवरून खाली, हॉलच्या दारातून बाहेर, आणि परत यायचंच नाही. बक्षीस घ्यायला पण नाही. मी म्हटलं अगं टाळ्या? तर म्हणे टाळ्या वाजल्या तर जेवणारे मागे वळून बघतील ना.

डी-२०२ आजोबा: जेवायला मी बसतो.

सी-१०४ काका: मी पण. जेवण खरं असेल ना?

ए-३०२: शाळेत मोठी माणसं चालणार नाहीत काका, घरी प्रॅक्टिसला या 😄 फोल्डिंगचं टेबल कोणाकडे आहे का, रविवारपर्यंत?

बी-५०१ काकू: आहे, एक पाय डुगडुगतो. उद्या पाणी आल्यावर पुसून ठेवते.